सात नंबरचा पाऊस

काय जपायचं आणि काय पुसायचं, हे ज्या दिवशी माणसाला कळलं त्या दिवशी संस्कृतीची सुरुवात झाली. हे वाक्य मला एका शनिवारी सकाळी बारामतीहून इंदापूरच्या दिशेने मोटारसायकलवर जाताना सुचलं आणि फार आवडलं. भवानीनगर येईपर्यंत मी ते तीनदा मनात म्हणून पाहिलं. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा आला. त्याच्यावर मोठ्या आवाजात गाणं चाललं होतं, आणि त्याला ओलांडून पुढे जाईपर्यंत वाक्याची अर्धी मोहिनी उतरली. उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी उतरली. कारण मी ज्या कामाला निघालो होतो ते बत्तीस संगणकांच्या डिस्क पुसण्याचं होतं, आणि त्यातली जी एक जपायची ठरली होती नेमकी तीच मी पुसली.

मी पिंपळीत राहतो आणि एका शिक्षण संस्थेच्या संगणकांची देखभाल करतो. संस्थेच्या शाळा बारामती आणि इंदापूर तालुक्यांत विखुरलेल्या आहेत. नेमणुकीच्या पत्रात माझ्या पदाला भारदस्त इंग्रजी नाव आहे. शाळांमध्ये मला ‘कंप्युटरवाले सर’ म्हणतात आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की माझी आठवण काढतात. माझी तक्रार नाही. कालव्याच्या कडेने जायचं, जंक्शन गावच्या चौकात चहा प्यायचा, एखाद्या शाळेत जाऊन बंद पडलेलं काहीतरी सुरू करायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं, यात न आवडण्यासारखं काही नाही. शिवाय बिघडलेल्या यंत्रासमोर माणसं खरं बोलतात. एरवी तसं बोलणं फार कानावर येत नाही.

त्या शनिवारची शाळा अंथुर्ण्याच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत होती. तिथल्या संगणकांच्या जुन्या सिस्टीमचे दिवस भरले होते. नवी सिस्टीम टाकायची होती, आणि सोमवारी सकाळी तिचं उद्घाटन होतं. संगणक तेच, टेबलं तीच, खुर्च्याही त्याच. पण खोलीला आकाशी रंग दिला होता आणि दारावर ‘अत्याधुनिक संगणक दालन’ असा फ्लेक्स लागला होता. रंग अजून ओला होता. फ्लेक्स वाळलेला होता.

बत्तीस संगणकांवर एकेक करून सिस्टीम बसवायची तर आठवडा जाईल. म्हणून आम्ही एकाच संगणकावर सगळं नीट बसवतो: सिस्टीम, मराठी कळफलक, अभ्यासक्रमाला लागणारी सॉफ्टवेअर. मग त्याचा एक साचा काढतो आणि तो वायरीवरून बाकीच्यांमध्ये एकदम ओततो. या साच्याला आमच्या धंद्यात इमेज म्हणतात. ओतणं सोपं असतं. अडचण असते ती डिस्कच्या तुकड्यांची.

आमच्या भागात माणसाला अखंड तुकडा पाहवत नाही. ज्याने हे संगणक जोडून दिले होते त्याने प्रत्येक डिस्कचे चार ड्राइव्ह पाडले होते. C मध्ये सिस्टीम, आणि पुढे D, E, F. चार ड्राइव्ह पाडून देणारा माणूस चांगला, दोन पाडून देणारा कामचुकार, अशी त्या काळी समजूत होती. एका संगणकावर तर सात ड्राइव्ह निघाले आणि सातव्याचं नाव ‘शिल्लक’ होतं. त्यात काहीच नव्हतं. शाळेने या ड्राइव्हची व्यवस्थाही लावून टाकली होती. D आठवीचा, E नववीचा, F दहावीचा. C ला कुणी हात लावायचा नाही. कारण संगणक बिघडला की C उडतो, हे इकडे लहान पोरालाही माहीत असतं.

त्यामुळे नवी सिस्टीम टाकताना दोन रस्ते असतात. एक म्हणजे फक्त C पुसायचा, बाकीचे ड्राइव्ह जागेवर ठेवायचे. हे नाजूक काम आहे. कारण साचा ओतण्यासाठी जी छोटी सिस्टीम सुरू करावी लागते ती ड्राइव्हना आपल्या मर्जीने अक्षरं देते. आपण ज्याला C समजतो त्याला ती D म्हणते, आणि आपण बिनधास्त C पुसला की नववीचं वर्ष जातं. माझ्या हातून हे वीस वर्षांपूर्वी एकदा झालं आहे. तेव्हापासून मी अक्षरांवर विश्वास ठेवत नाही, तुकड्याचा आकार बघतो. दुसरा रस्ता म्हणजे सगळी डिस्क कोरी करायची, नव्याने दोनच तुकडे पाडायचे आणि साचा ओतायचा.

मुख्याध्यापकांना दुसरा रस्ता हवा होता.

“सगळं कोरं करा,” ते म्हणाले. “पाहुण्यांच्या हातून जे उघडेल ते नवंकोरं असलं पाहिजे.”

“मुलांच्या फायली?”

“त्या काय फायली! झोपडी, डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य. पुन्हा काढतील.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. नववीच्या ड्राइव्हवर मी पाहिलं, तो डोंगर आणि तो सूर्य चाळीस वेळा होता. मग त्यांनी आणखी एक इच्छा सांगितली. प्रमुख पाहुण्यांचा फोटो सगळ्या पडद्यांवर यावा म्हणून तो साच्यातच घालावा. ते तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, असं मी सांगितलं. हे साफ खोटं होतं. रविवारी दुपारी पाहुणे बदलले तेव्हा मुख्याध्यापक माझ्याकडे ज्योतिषाकडे बघावं तसं बघायला लागले, आणि मी ते नाकारलं नाही.

कोरं करण्याला अपवाद एकच होता. तो भूगोलाच्या सरांचा.

भूगोलाचे सर त्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार होते. शिडशिडीत, बुशशर्टच्या खिशात दोन पेन, त्यातलं एक नेहमी बंद पडलेलं. शाळेच्या झेंड्याच्या खांबापासून वीस पावलांवर त्यांनी पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी आठला, रविवार आणि दिवाळी धरून, ते तिथे जाऊन किती पाऊस पडला ते मोजत. अशी अकरा वर्षं झाली होती. आधी ते रजिस्टरमध्ये लिहायचे. पण रजिस्टरांना वाळवी लागते आहे असं दिसल्यावर त्यांनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून सगळं संगणकावर चढवलं. ती रजिस्टरं पुढे वाळवीने पुरी खाल्ली. म्हणजे अकरा वर्षांचा पाऊस आता एकाच ठिकाणी होता: सात नंबरच्या संगणकावर, E ड्राइव्हमध्ये.

त्या फायलीला गावात किंमत होती. पारावर दोघांची हुज्जत पडली की अमुक साली पोळ्याला पाऊस झाला होता की नव्हता, तर शाळेकडे माणूस यायचा. “सर, जरा बघून सांगा की.” सर फाईल उघडून सांगायचे आणि एकाचं तोंड बंद व्हायचं. ज्याचं तोंड बंद व्हायचं तो पुढचे आठ दिवस सरांना नमस्कार करायचा नाही. जाण्यापूर्वी सरांना ती फाईल नव्या शिक्षकाच्या हाती द्यायची होती, पुढे चालू ठेवायला.

“पेनड्राइव्हवर काढून ठेवली नाही का?” मी विचारलं.

“पेनड्राइव्ह खिशात राहतो,” ते म्हणाले, “आणि शर्ट धुवायला जातो. दोनदा गेला. तुम्ही एवढंच करा, सर. सात नंबरला हात लावू नका. दसऱ्यापासून खोलीत रंगकाम चाललंय, मला बसायलाच मिळालेलं नाही. तेवढ्या दिवसांच्या नोंदी कागदावर आहेत. उद्या सकाळी येऊन चढवतो, मग सगळंच काढून घेतो.”

“नाही लावत,” मी म्हणालो.

प्रत्येक मॉनिटरच्या कपाळावर लाल ऑइलपेंटने नंबर घातला होता. सातचा मॉनिटर खिडकीजवळ होता. त्याच्याखालच्या सीपीयूची नेटवर्कची वायर मी काढून ठेवली आणि वर कागद चिकटवला: हात लावू नये. ड्राइव्ह उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं मी घालवली नाहीत. अक्षरांवर विश्वास ठेवू नये हे मला वीस वर्षांपूर्वी कळलं होतं. आकड्यांवरही ठेवू नये हे कळायला रविवार उजाडायचा होता.

शनिवारची दुपार मात्र सुखाची गेली. सकाळची शाळा सुटलेली, आवारात कुणी नाही, कडुनिंबावर दोन साळुंक्या भांडत होत्या. मी एकतीस संगणकांना एकदम आज्ञा दिली आणि एकतीस पडद्यांवर एकतीस हिरव्या पट्ट्या सरकू लागल्या. जुने तुकडे गेले, नवे पडले, साचा ओतला जाऊ लागला. एकच गोष्ट एकतीस ठिकाणी एकाच वेगाने होताना पाहणं यात काय आनंद आहे हे सांगता येणार नाही. ज्यांना उसाच्या सरी बघून बरं वाटतं त्यांना कळेल.

शाळेच्या शिपाई मावशी चहा घेऊन आल्या. त्या या शाळेत इमारत बांधली गेली तेव्हापासून आहेत आणि मुख्याध्यापक बदलले तरी त्या बदलत नाहीत, म्हणून शाळा त्याच चालवतात असा लोकांचा समज आहे. तो बरोबर आहे. हातात ओलं फडकं होतं. उद्घाटनासाठी सगळे सीपीयू पुसून काढायला त्यांना सांगितलेलं होतं.

“तुमी बी पुसताय, मी बी पुसतीया,” त्या पट्ट्यांकडे बघत म्हणाल्या. “तुमचं बरं हाय, बसून व्हतंय.”

“तुम्हाला शिकवू का?”

“नगं. मग माझं कोन करंल?”

पाचच्या आत एकतीस संगणक नव्याने उघडले. सगळ्यांचा चेहरा एकसारखा. मी दार ओढून घेतलं आणि उजेड असेतो पिंपळीला पोचलो. रात्री झोप उत्तम लागली, हे मुद्दाम सांगायला हवं. तशी ती लागायला नको होती.

रविवारी सकाळी मी शाळेत पोचलो तेव्हा भूगोलाचे सर पर्जन्यमापकाकडून येतच होते. वहीच्या चार पानांवर दसऱ्यापासूनच्या नोंदी घेऊन ते सात नंबरला बसले. मी प्रिंटर जोडत होतो. जुनी सिस्टीम नेहमीप्रमाणे चहाला वेळ मिळेल इतक्या सावकाश उघडली. सरांनी E ड्राइव्ह उघडला आणि ते पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, “सर, हा सूर्य कुणाचा?”

मी उठून पाहिलं. पडद्यावर झोपडी होती, डोंगर होता आणि त्यातून उगवणारा सूर्य होता. खाली आणखी एकोणचाळीस होते. पावसाची फाईल नव्हती.

“हा माझा संगणक नाही,” सर म्हणाले.

“नंबर सातच आहे.”

“नंबर सातच आहे,” ते म्हणाले. “संगणक माझा नाही.”

मी D बघितला, F बघितला, कचरापेटी बघितली. मी मावशींना हाक मारली. त्या व्हरांड्यात झेंडूच्या माळा मोजत होत्या.

“मावशी, हे संगणक कुणी हलवले होते का?”

“कोन हलवनार? मीच दसऱ्याला खाली घेतलं हुतं.”

“काय खाली घेतलं?”

“डबं. खंडेनवमीला पुजा नको व्हय? समदं डबं काढलं, हितं सतरंजी हातरली, वळीनं मांडलं, हळदी-कुंकू वाहिलं, फुलं वाहिली. टीव्ही न्हाय काढलं. ती फुटत्यात. ती टेबलावरच ऱ्हाऊ दिली.”

“आणि पूजा झाल्यावर?”

“दरसाली तितल्या तितंच ठेवती. औंदा लगीच रंगवाली आली, डबं भाईर रचलं. रंग झाल्यावर ठेवलं की परत जागंवर.”

“कुठल्या जागेवर?”

मावशींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “रिकाम्या जागंवर. भरल्याली जागा आसती का कुठं?”

म्हणजे नंबर मॉनिटरला होते, आणि पाऊस डब्यात होता. मॉनिटर जागचे हलले नव्हते आणि डबे सगळे फिरले होते. शाळेत फळ्यापासून घंटेपर्यंत सगळ्याची पूजा होते हे मला ठाऊक होतं. दरवर्षी दसऱ्यानंतर सीपीयूच्या पुढच्या खाचांमध्ये कुंकू जातं, पेनड्राइव्ह लागत नाही, आणि मी ते टूथब्रशने काढत फिरतो. पण पूजा करायची तर डबा जागचा उचलावा लागतो, हे सरळ गणित मी कधी मांडलं नव्हतं.

भूगोलाचे सर खुर्चीवर बसून होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वहीची चार पानं नीट घडी करून पुन्हा खिशात ठेवली आणि बंद पडलेलं पेन काढून ते उगाच उघडत-मिटत राहिले.

“म्हणजे काल त्या एकतिसांत माझाही गेला,” ते म्हणाले.

“गेला,” मी म्हणालो. “पण पुरता गेला असेलच असं नाही.”

हे धीर देण्यासाठी नव्हतं. डिस्क कोरी केली म्हणून तिच्यावरचं सगळं लगेच खरवडून निघत नाही. आधी जाते ती फक्त यादी, कुठला तुकडा कुठून कुठवर आहे त्याची. मग नवा साचा येऊन डिस्कची सुरुवातीची जागा व्यापतो. त्या जागेवरचं खरंच जातं. सरांचा E पुष्कळ मागे होता. तिथे आता नवा तुकडा आखलेला होता, पण त्यात अजून कुणी काही ठेवलं नव्हतं. जुना पाऊस खाली तसाच पडून असण्याचा संभव होता, फक्त तो तिथे आहे हे संगणकाला ठाऊक नव्हतं. मात्र आता या यंत्रांवर एकही गोष्ट नव्याने लिहिली जाता कामा नये. मी सगळ्यांची वीज बंद केली.

राहिला प्रश्न एकतिसांतला कुठला, हा. एका डिस्कवरचे हरवलेले तुकडे शोधायला तास लागतो. एकतीस तास माझ्याकडे नव्हते. उद्घाटन सोमवारी दहाला होतं, आणि त्यानंतर पोरं येऊन डोंगर काढायला बसणार होती.

“सरांचा डबा व्हय?” मावशी दारातून म्हणाल्या. “त्यो मी वळखती की.”

“कसा?”

“त्याला मी जादा कुंकू लावल्यालं. दोन फुलं जादा वाहिली.”

“का बरं?”

“का म्हंजी? पाऊस त्येच्यात हाय.”

“पण मावशी,” मी म्हणालो, “काल तुम्हीच सगळे पुसले ना ओल्या फडक्यानं?”

“वरनं पुसलं. जाळीतलं कुठं निघतंय.”

मी शिकलेला माणूस आहे. एकतीस डबे जवळपास एकसारखे असताना कुंकवाच्या प्रमाणावरून डिस्क शोधणं माझ्या शिस्तीत बसत नव्हतं. मी मावशींचे आभार मानले आणि एक नंबरपासून सुरुवात केली. एका तासाने एक नंबरमधून आठवीच्या मुलांनी काढलेले तिरंगे निघाले. दुसऱ्या तासाने दोन नंबरमधून एका विनंती अर्जाचे नऊ मसुदे निघाले, बदलीबद्दलचे, एकाहून एक नम्र. कुणाचे ते सांगत नाही. मी ते वर काढले नाहीत. तिसऱ्या तासाला तीन नंबरमधून ‘शिल्लक’ निघाला.

तोवर दुपार झाली होती. सर व्हरांड्यात उन्हात जाऊन उभे राहायचे, परत येऊन पट्टी किती सरकली ते बघायचे आणि पुन्हा जायचे. मावशी भिंतीला टेकून माळा ओवत होत्या. दर फुलागणिक त्या एकदा माझ्याकडे बघत होत्या.

“बरं मावशी,” मी म्हणालो, “दाखवा.”

त्यांनी माळ बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि टेबलांखालून एकेक डबा वाकून बघत गेल्या. डाळीतला खडा शोधावा तसं. “ह्यो न्हाय. ह्यो न्हाय. ह्येला तर मी हळदच लावली हुती, कुंकू सपलं हुतं.” एकोणीस नंबरच्या मॉनिटरखाली त्या थांबल्या. “ह्यो बघा.”

मी खाली बसून बॅटरी मारली. पुढच्या जाळीच्या भोकाभोकांत लाल बसलं होतं, आणि पंख्याच्या पात्याला झेंडूची एक वाळलेली पाकळी चिकटली होती.

“हाच,” मावशी म्हणाल्या. “आता चालू करा तुमचं, म्हंजी मला माळा पुऱ्या करता येत्याल.”

पट्टी सरकायला लागली. सर माझ्या मागे उभे राहिले आणि या वेळी बाहेर गेले नाहीत. चाळीस मिनिटं झाली असतील. यादीत हरवलेला पहिला तुकडा आला, तो जुना C, अर्धा खरवडलेला. मग D. मग तिसरी ओळ आली. तुकड्याचा आकार, आणि पुढे त्याला दिलेलं नाव, इंग्रजी अक्षरांत: PAUS.

“मीच ठेवलं होतं नाव,” सर म्हणाले. “बाकीच्यांच्या E त मिसळू नये म्हणून.”

मी तो तुकडा उघडला. आत फाईल एकच होती. ती पेनड्राइव्हवर घेतली, मागच्या खाचेतून, कारण पुढच्यात कुंकू होतं. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली. मग माझ्या लॅपटॉपवर घेऊन उघडली आणि लॅपटॉप सरांपुढे सरकवला. त्यांनी आधी शेवट गाठला, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची ओळ जागेवर आहे का ते पाहिलं. मग कुठल्यातरी वर्षाच्या पोळ्यापाशी जाऊन थांबले. तिथे आकडा होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“झाला होता,” ते म्हणाले. “अकरा मिलिमीटर. पारावरचे आबा अजून मानत नाहीत.”

मग त्यांनी खिशातली चार पानं काढून उलगडली आणि दसऱ्यापासूनच्या नोंदी चढवायला घेतल्या. मी त्यांना सांगितलं की चूक माझी होती, दोन मिनिटं ड्राइव्ह उघडून बघायला हवा होता. ते टाइप करता करता म्हणाले, “माझीही. इतकी वर्षं मी मॉनिटरच्या आकड्याला संगणक समजत होतो.” मावशींनी सगळ्यांना चहा दिला आणि माझ्या कपात साखर जास्त घातली, लहान मुलाला घालतात तशी.

संध्याकाळच्या आत मी दोन गोष्टी केल्या. शाळेच्या मुख्य संगणकावर रोज आपोआप त्या फायलीची प्रत पडेल अशी व्यवस्था केली. आणि लाल ऑइलपेंटचा डबा मागवून बत्तीसही सीपीयूंवर नंबर घातले. मावशींनी ते पाहून विचारलं, “ह्ये आदी का न्हाय केलं?” या प्रश्नाला भारदस्त उत्तरं पुष्कळ आहेत. मी शेवटच्या डब्यावर बत्तीस घातला.

सोमवारी पाहुणे साडेअकराला आले. नारळ फुटला, फीत कापली गेली. मुख्याध्यापकांनी प्रास्ताविक केलं. त्यात संगणक हा शब्द चार वेळा आणि क्रांती हा शब्द नऊ वेळा आला. मी मागच्या बाकावर बसून मोजत होतो. रविवारची हकिकत त्यांच्या कानावर गेली होती आणि एका रात्रीत ती मोठी झाली होती. आता ती अशी होती की शाळेने अकरा वर्षं जतन केलेला निसर्गाचा अमूल्य ठेवा नव्या यंत्रणेच्या सामर्थ्याने काळाच्या उदरातून परत आणला आहे, आणि तो पाहण्याचं भाग्य आज प्रथमच आपणा सर्वांना लाभत आहे. कुंकवाचा उल्लेख नव्हता. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

भूगोलाच्या सरांना पुढे बोलावलं. प्रोजेक्टरवर फाईल उघडली. आकाशी भिंतीवर ओळींच्या खाली ओळी आल्या, डावीकडे तारीख आणि उजवीकडे नोंद. पाहुणे उठून जवळ गेले. ते शेतकरी माणूस होते, चष्मा कपाळावर घेऊन त्यांनी बराच वेळ वाचलं.

“सर, ह्ये सगळीकडं एकच शब्द हाय,” ते म्हणाले.

“हो,” सर म्हणाले. “निरंक.”

“म्हंजी पाऊस न्हाय.”

“म्हणजे सकाळी आठला जाऊन पाहिलं, आणि नव्हता. नुसती जागा रिकामी सोडली तर कुणी पाहिलंच नाही असं वाटेल.”

पाहुण्यांनी मान हलवली. ती मनापासून हलवलेली होती. त्यांनी पान खाली सरकवायला सांगितलं. सरांनी सरकवलं. निरंक. आणखी सरकवलं. निरंक. मुख्याध्यापकांनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी त्या उचलून धरल्या. मलाही खरंच बरं वाटत होतं, कारण त्यातला एकही निरंक हरवला नव्हता. टाळ्या थांबल्यावर सर शेवटच्या ओळीवर गेले, त्या दिवसाची तारीख घातली आणि सकाळी आठची नोंद सगळ्यांसमोर टाइप केली.

निरंक.